जिन्यावरून उतरणारा झगा

झगा निळा होता असं आमच्या सासूबाईंचं म्हणणं, आणि पिवळा होता असं त्यांच्या थोरल्या बहिणीचं. झगा कुणाचा, तर एका जुन्या इंग्रजी नाचगाण्याच्या चित्रपटातल्या नायिकेचा. ती एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन जोडून द्यायचं काम करते, नायक त्याच हॉटेलात लिफ्ट चालवतो, आणि शेवटी ती जिन्यावरून नाचत नाचत खाली उतरते. लिफ्टवाल्यावर जीव जडलेला असताना बाई जिन्याने का उतरली, असं मी एकदा विचारलं होतं. "लिफ्टमध्ये नाचायला जागा असते का गं?" असं दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या. तेवढ्या मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं. झग्यावर नव्हतं.

पुढे जाण्याआधी माझे रोजचे नेम सांगून टाकते, कारण या प्रकरणात माझी जी शोभा झाली ती त्यांच्यामुळेच. खोटं बोलायचं नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की तो शांत होईपर्यंत मौन. दिव्यात मोजून एक पळी तेल घालते. पण कधी कधी दिवा फारच वेळ तेवतो. त्या दिवशी टीव्हीवर हमखास मॅच असते आणि आमच्या ह्यांच्या बोटांना तेल लागलेलं असतं. मी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं. वाईट बोलायचं नाही म्हणून मी तो विषय कधी काढला नाही.

तर झगा. दोघी बहिणींनी हा चित्रपट मुलीपणी शाळा बुडवून थिएटरात पाहिला होता. पुढे व्हिडिओ आला तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, असल्या नाचगाण्याच्या चित्रपटांच्या कॅसेट जमवण्याचा सपाटा लावला. दुपारी पडदे ओढून दोघी बहिणी हात धरून समोर बसायच्या आणि मी मागे भाजी निवडत. मला इंग्रजी कळायचं नाही, पण त्या चित्रपटांत कळायला लागतंच काय? भर रस्त्यात चांगला शहाणासुरता माणूस एकदम गायला लागतो, आणि आजूबाजूचे लोक "काय झालं हो तुम्हाला" असं विचारायच्या ऐवजी त्याच्यामागे ओळीने नाचायला लागतात. पोलीससुद्धा नाचतो. कुणाला दूध उतू जायची काळजी नाही. आणि बायका एवढ्या गिरक्या घेतात, पण डोक्यावरचा एक केस हलत नाही. हे पूर्वपुण्याईशिवाय शक्य नाही अशी माझी श्रद्धा आहे. त्या दुपारी भाजी निवडून झाली तरी मी देठ हातात धरून बसून राहायची.

त्या काळी आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे झग्याचा निकाल लागत नसे. "आपल्या टीव्हीत रंग नाहीत, थिएटरात मी डोळ्यांनी पाहिलाय, निळा," असं सासूबाई म्हणायच्या. "तुझे डोळे! पिवळाधमक होता," असं मावशी. त्या भांडणालाही एक चव होती. मग मामंजी गेले, व्हिडिओ मशीन माळ्यावर गेलं, घरात रंगीत टीव्ही आला, आणि दोघी म्हाताऱ्या झाल्या.

परवा नातवाच्या वाढदिवसाला झगा पुन्हा निघाला. या खेपेला मावशी जरा जास्त बोलल्या. "बेबी, तुझं लहानपणापासून हेच. दिसत काही नाही आणि ठासून सांगायचं मात्र सगळं." सत्तरी ओलांडलेल्या आमच्या सासूबाईंना घरात अजून बेबी म्हणतात. बेबी ताडकन उठली. "ताई, तुला एवढं दिसत होतं तर जावई निवडताना काय झालं होतं?" मावशींच्या हातातला केक बशीतच राहिला. त्या दिवसापासून अबोला.

एरवी तोही मिटला असता. पण मावशी मुलीकडे परदेशी निघाल्या होत्या, कायमच्या. त्याच जावयाच्या घरी. या वयात परत येणं होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. सासूबाई टेलिफोनजवळच्या खुर्चीत त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. जेवण अर्ध्यावर आलं. "आई, जाऊन भेटून या ना," असं मी म्हटलं की, "आधी तिने कबूल करावं." काय कबूल करावं, तर झगा निळा होता!

मग मी मावशींना फोन लावला. शेजारीच सासूबाई.

"मावशी, एकदा येऊन जा."

"तिला विचार, पिवळा म्हणतेय का?"

"सांग तिला," सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "माझे डोळे अधू आहेत, मला ती दिसायची पण नाही."

"काय म्हणाली?"

"पाणी मागतायत..." एवढं जिभेवर आलं होतं, पण खोटं बोलायचं नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे फोन आपटला.

तेव्हाच मी ठरवलं, की मावशी जाण्याआधी तीच कॅसेट रंगीत टीव्हीवर लावायची आणि काय तो निकाल लावून टाकायचा. कोणीतरी एक हरेल, रडेल, दुसरी डोळे पुसेल, झालं. एवढं साधं काम.

"अगं, फोनवर सगळं मिळतं आता," असं म्हणून ह्यांनी मोबाईलमध्ये बोट घातलं. संध्याकाळपर्यंत त्यांना हॉटेलं मिळाली, जिने मिळाले, लिफ्टची जाहिरातही मिळाली, चित्रपट मिळाला नाही. सासूबाई म्हणाल्याच, "आणि मिळाला तरी मी मानणार नाही. मोबाईलवर माणसाचं मांजर करतात, झग्याचा रंग बदलायला कितीसा वेळ? आपली कॅसेट असेल तरच." निरोप पोचवल्यावर मावशींचंही तेच. दुसऱ्यांदा एकमत झालं, पण तेही माझ्या गैरसोयीचं.

माळ्यावरून मशीन काढलं, ते नातवाला सूटकेसच वाटलं. मशीन आणि कॅसेट दुकानात नेली, तर दुरुस्तीवाल्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि ज्या चेहऱ्याने डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तो चेहरा केला. "पट्टा गेलाय. हेड गेलंय. आत केसांच्या पिना आहेत. बाई, हे मशीन नाही, आठवण आहे. ठेवून द्या." कॅसेटवर पांढरी बुरशी चढली होती. ती मात्र पुसता येईल असं ते म्हणाले. "पण आधी नीट कोरडी होऊ द्या."

कोरडी कशी करायची, हे मी त्यांनाच विचारायला हवं होतं. पण घरी येताना इमारतीच्या दारात कॅसेट हातात दिसली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, म्हणून इतकंच सांगते की त्यांना ठाऊक नाही अशी गोष्ट अजून निघालेली नाही. "ऊन!" ते म्हणाले. "बुरशीचा शत्रू एकच, ऊन. शास्त्र आहे." त्यांच्या समोरच दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्या म्हणाल्या, "ऊन अजिबात नको. थंडीने मरते बुरशी. फ्रिजमध्ये ठेवा." आता दोघंही वडीलधारे, दोघंही आपुलकीने सांगणारे. एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचा अपमान. मी कॅसेट सकाळी उन्हात ठेवली आणि दुपारी फ्रिजमध्ये. दोघांनीही येऊन खात्री करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी तर ती भाज्यांच्या खणातून काढून वरच्या कप्प्यात ठेवली.

राहिला प्रश्न मशीनचा. तेव्हा कळलं, की इमारतीच्या हॉलमध्ये एक चालू व्हिडिओ मशीन आहे, इमारतीच्या उद्घाटनाची कॅसेट वर्षातून एकदा बघण्यासाठी जपलेलं. हॉल आमच्या दारासमोरच. मधे फक्त बोळ. मी सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी स्वभावाने चांगले आहेत, पण नियम त्यांच्याहून चांगले आहेत.

"मशीन कपाटाला स्क्रूने बसवलंय. हलवता येणार नाही."

"मग आम्ही हॉलमध्ये येऊन बघतो. फक्त शेवटचा जिना."

"खाजगी कामाला हॉल नाही."

"मग?"

"सांस्कृतिक कार्यक्रम असेल तर देता येतो. पण त्याला कमिटी लागते."

"कमिटी कधी बसते?"

"कमिटी बसत नाही हो. मीच बसतो." मग थोडा विचार करून म्हणाले, "बघतो. संध्याकाळी घरी येऊन कळवतो."

ते संध्याकाळी आले. दिवा नुकताच लावला होता. मी दारात उभी, ओठ मिटलेले. ते हातातला कागद वाचू लागले. "परवा संध्याकाळी, सर्व रहिवाशांसाठी, रंगीत इंग्रजी नृत्य-संगीत कार्यक्रम. आयोजक, तळमजल्यावरच्या बाई. प्रास्ताविक, सेक्रेटरी. चहा, आयोजकांकडून." सर्व रहिवासी? प्रास्ताविक? आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकं माझ्या मौनात? मी मान हलवली, दोन्ही हात हलवले, शेवटी हात जोडले.

"नको, आभार नकोत," सेक्रेटरी भारावून म्हणाले. "काही हरकत असेल तर आत्ताच बोला."

मी दिव्याकडे पाहिलं. तो मजेत तेवत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मॅच चालू होती. "तिला काय हरकत असणार?" ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. कागद इमारतीच्या सूचनाफळ्यावर लागला.

कागदाबरोबर झग्याचं भांडणही मजल्यामजल्यावर पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीत दोन तट. कुणी कधी तो चित्रपट पाहिलेला नव्हता, पण निळं की पिवळं याला चित्रपट कशाला बघायला हवा? हेडमास्तर पिवळे झाले. त्या काळच्या दिव्यांत निळा रंग उठून दिसत नसे, शास्त्र आहे. म्हणून डॉक्टरीणबाई निळ्या झाल्या. पाण्याच्या टाकीवरून ज्यांचं आधीच पटत नव्हतं त्यांनाही आता नीट कारण मिळालं. जिन्यात मला कुणी "बाई, तुमचं काय मत?" असं विचारलं की मी "मी भाजी निवडत होते," एवढंच सांगायची, आणि ते खरं होतं.

मावशींना फोन केला. "येते," त्या म्हणाल्या. "पण तिच्या शेजारी बसणार नाही."

"सांग तिला," सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "हॉलमध्ये खुर्च्या पुष्कळ आहेत." पण दुपारी मी पाहिलं, त्या आरशासमोर बसून केस विंचरत होत्या. नंतर त्यांनी पुन्हा विंचरले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी चहा आधीच करून ठेवला, दिवा लावला, आमचं दार सताड उघडं ठेवलं आणि हॉलमध्ये दाराजवळ बसले, म्हणजे बोळापलीकडून दिवा दिसत राहील. मावशी आल्या. एका टोकाला बसल्या. सासूबाई दुसऱ्या टोकाला. मधे रिकाम्या खुर्च्यांची रांग, आणि त्यांच्यामागे निळी-पिवळी जनता. दुरुस्तीवाले मुद्दाम आले होते, पुसलेली कॅसेट लावायला. सेक्रेटरींनी प्रास्ताविक केलं. त्याबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून काहीच बोलत नाही.

मशीन घरघरलं. पडद्यावर आधी मुंग्या धावल्या, मग आडव्या रेघा, आणि मग ते संगीत सुरू झालं. किती वर्षांनी ऐकलं! भाजीचा वास आला मला, खरंच. टेलिफोनवाली मुलगी दिसली, लिफ्टवाला दिसला, त्याने टोपी उडवली आणि ती बरोबर खुंटीवर अडकली. पण सगळं करड्या रंगात. टोपी करडी, खुंटी करडी.

"रंग लावा," मागून कुणीतरी म्हणालं.

दुरुस्तीवाल्यांनी बटणं फिरवली. सेक्रेटरींनी टीव्हीच्या पाठीत दोन थापा घातल्या. काही नाही. शेवटी टीव्हीची परीक्षा म्हणून उद्घाटनाची कॅसेट लावली, तर तिच्यात फीत लालभडक आणि तरुण सेक्रेटरी गुलाबी. म्हणजे टीव्हीचा दोष नाही. आमची कॅसेट पुन्हा आत गेली, शेवटचा जिना आला. नायिका वरच्या पायरीवर उभी राहिली. हॉलमध्ये श्वास ऐकू येत होते. आणि ती उतरू लागली, गिरक्या घेत, झगा फुलवत, केस न हलवता. झगा निळा नव्हता. पिवळाही नव्हता. धुरासारखा, ढगासारखा करडा होता.

मला तेव्हा एकदम उमगलं. आमच्या जुन्या टीव्हीचा काही दोष नव्हता. चित्रपटालाच पहिल्यापासून रंग नव्हता. त्या दोघी मुलींनी थिएटरच्या अंधारात आपापला रंग घालून घेतला होता, आणि आयुष्यभर जपला होता.

सासूबाई समोर बघत होत्या. त्यांचा चेहरा लहान झाला होता. मग टोकाकडून मावशींचा आवाज आला. अबोल्यानंतरचा त्यांचा बहिणीशी पहिला शब्द.

"बेबी, कॅसेट उन्हात ठेवली होती म्हणे?"

सासूबाईंनी वळून पाहिलं. "उन्हात ठेवली आणि वर फ्रिजमध्येही."

"मग! रंग राहतील कसे?" मावशी उठल्या आणि मधल्या सगळ्या खुर्च्या ओलांडून शेजारी येऊन बसल्या. "उडाले सगळे. उन्हात तर कपड्याचाही रंग उडतो. तू हिला काही शिकवलं नाहीस का गं?"

"शिकवलं. पण हिचं चित्त देवाकडे. घरातल्या वस्तूंचं काय कळणार?"

"एवढा सुंदर झगा गं!"

"तर काय!"

आणि दोघींनी हात धरले. समोर नायिका नाचत होती, आणि मागे सबंध इमारत माझ्याकडे बघत होती. हेडमास्तर म्हणाले, "मी केवळ सुचवलं होतं. अंमलबजावणी त्यांची." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फ्रिज म्हणजे काय कितीही वेळ?" दुरुस्तीवाले तोंड उघडून काही सांगणार तोच सेक्रेटरींनी त्यांना चहा नेऊन दिला. मी खुर्चीत बसून ऐकत होते. मी कुणाच्या केसालाही धक्का न लावता जगणारी बाई. इमारतभर रंग उडवणारी ठरले होते, आणि तोंडातून एक अक्षर काढता येत नव्हतं.

"बाईंनाच विचारू ना," सेक्रेटरी म्हणाले. "त्या खोटं बोलत नाहीत. रंग कशाने गेला, सांगतील. मौन कधी सुटतं तुमचं?"

मी दारातून पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. बोळापलीकडे दिवा अगदी खाली आला होता. ज्योत एकदा मोठी झाली, एकदा बारीक. अजून थोडाच वेळ. मग मला विचारतील, आणि मला खरं सांगावं लागेल. नेमच तो. बऱ्याच गोष्टी माझ्या जिभेवर तयार होत्या, आणि खरं सांगते, त्या सगळ्याच काही गोड नव्हत्या. पण समोर त्या दोघी हात धरून बसल्या होत्या. खरं बोलले की निळा गेला, पिवळाही गेला. मग दोघींच्या हातात उरलं काय?

एवढ्यात सासूबाई उठल्या. "पाणी पिऊन आले गं ताई," म्हणाल्या आणि हळूहळू बोळ ओलांडून घरात गेल्या. पाण्याचा माठ उजवीकडे आहे. त्या डावीकडे वळल्या. देवापुढे उभ्या राहिल्या, तेलाची बरणी उचलली आणि दिव्यात ओतली. एक पळी नव्हे, चांगली धार धरून. मग वळून, बोळापलीकडून, सरळ माझ्याकडे पाहिलं.

इतकी वर्षं मी त्यांची सून आहे. असं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

ज्योत उंच झाली. सासूबाई परत येऊन बसल्या, बोटं रुमालाला पुसली आणि बहिणीचा हात पुन्हा हातात घेतला. लोकांनी थोडी वाट पाहिली. चहा संपला, तसे ते आपापल्या घरी गेले.

मावशींना न्यायला गाडी आली तेव्हाही दिवा तेवतच होता. मग मावशी गाडीत बसता बसता म्हणाल्या, "बेबी, निळा असेल गं कदाचित. माझंच चुकलं असेल."

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "पिवळा होता. मला आता चांगला आठवतो."

"निळाच म्हणते मी!"

"पिवळा!"

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दोन्ही बाजूंनी तेच चाललं होतं. मावशींचा हात खिडकीबाहेर होता.

आता रोज सकाळी परदेशातून फोन येतो. जावयाची तब्येत, तिकडची थंडी, आणि मग झगा. शेवटी माझ्या हलगर्जीपणाबद्दल दोघी थोडं हळहळतात. इमारतीत कुणाच्या कपड्यांचा रंग गेला की लोक माझ्याकडे बघून हसतात. मी काही बोलत नाही.

त्या रात्री मात्र जेवताना, मौन सुटल्यावर, सासूबाईंनी ताट पूर्ण संपवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज दिवा फार वेळ तेवला गं, नाही?"

"हो आई," मी म्हटलं. "तेवला खरा."

ह्यांनी घाईघाईने आपली बोटं पाहिली. "आज मी नाही हं!"